फ्रिगेटचं आयुष्य हलपेक्षा (जहाजाच्या बाह्य सांगाड्यापेक्षा) यंत्रांवर ठरतं

'वीस वर्षं वापरलेली फ्रिगेट दुसऱ्या नौदलाने घेतली की जेमतेम दहा वर्षं चालते' असा दावा फ्रिगेटबद्दल, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकेबद्दल, केला जातो, तो सरसकट पटत नाही. नेदरलँड्सच्या व्हान स्पेइक वर्गाच्या सहा फ्रिगेट १९६७-६८ मध्ये सेवेत आल्या, इंडोनेशियाने त्या १९८६ ते १९८९ दरम्यान घेतल्या आणि त्यातल्या काही पन्नाशीपर्यंत चालल्या. मूळची दोन बॉयलर आणि वाफेची टर्बाइन्स सांभाळणं जड जात होतं. २००० नंतरच्या दशकात ती काढून डिझेल इंजिनं बसवली. मूळचा २८ नॉटच्या (ताशी सुमारे ५२ किमी) आसपासचा वेग गेला, पण जहाज वाचलं.

अशा बदलात खरी मेख वजनाची असते. बॉयलर तळाशी असतात. ते काढले की गुरुत्वमध्य सरकतो, म्हणून कलण चाचणी (जहाज मुद्दाम थोडं कलवून गुरुत्वमध्य काढणं) नव्याने करून गरज पडल्यास तळाशी भार टाकावा लागतो. खरेदीआधी बिल्जमधल्या (हलच्या अगदी तळाशी पाणी साचतं त्या भागातल्या) आणि समुद्रपाण्याच्या झडपांजवळच्या पत्र्यांची जाडी अल्ट्रासोनिकने मोजावीच, गंज तिथेच लपतो. क्षेपणास्त्रांचे सुटे भाग मिळणं थांबलं तर मात्र हल ठणठणीत असूनही लढाऊ उपयोग संपतो.