मदत हवी आहे : पावसाळा, दोन आया, दोन वयांची पिल्ले आणि एकच खुराडे

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या घराच्या परसात काही गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. घरापुरती अंडी मिळावीत एवढाच हेतू असल्यामुळे उबवणीचे यंत्र कधी आणले नाही. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसू लागली, की तिला रवणाला बसवायचे आणि एकविसाव्या दिवसाची वाट पाहायची, ही घरातली जुनी पद्धत आहे. या वेळी दोन कोंबड्या मागेपुढे खुडूक झाल्या आणि दोघींनीही पिल्ले काढली. तांबडीची पिल्ले आता तीन आठवड्यांची झाली आहेत, तर काळीची अजून आठवड्याचीही नाहीत.

एरवी दोघी दिवसभर परसाच्या दोन टोकांना चरल्या असत्या आणि प्रश्नच उद्भवला नसता. परंतु सततच्या पावसामुळे दोघींनाही मांगरातल्या (घराबाहेरच्या शेडमधल्या) एकाच खुराड्यात ठेवावे लागत आहे. तांबडी स्वतःच्या पिल्लांना कणी टिपून दाखवते, हाका मारते, पंखाखाली घेते. काळीचे पिल्लू जवळ आले की मात्र ती डोक्यावर चोच मारते. एका लहान पिल्लाच्या डोक्याला त्यामुळे जखम झाली असून त्यावर हळद आणि खोबरेल तेल लावले आहे. काळी धावून येते, परंतु ती अंगाने लहान असल्यामुळे तिची माघार होते.

घरात यावर दोन मते आहेत. सासूबाईंचे म्हणणे असे, की आईपासून पिल्लू तोडू नये, तांबडीलाच डालग्याखाली (बांबूच्या टोपलीखाली) डालावे. यजमानांचे म्हणणे असे, की काळीची सगळी पिल्ले खोक्यात घालून वर बल्ब लावावा, म्हणजे ती सुरक्षित राहतील. आमच्याकडे पावसात वीज कधी जाईल याचा भरवसा नसल्यामुळे मला दुसरा उपाय धोक्याचा वाटतो. पण डालग्याखाली तांबडीची वाढती पिल्ले मावत नाहीत, हेही खरे आहे. दोन्ही आयांना एकत्र नांदवता येईल का, आणि येत असेल तर पिल्ले किती वयाची होईपर्यंत थांबावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

आणखी एक गोष्ट विचारायची आहे. तांबडीची दोन पिल्ले कालपासून पंख खाली सोडून, पिसे फुलवून एका कोपऱ्यात उभी आहेत आणि त्यांची विष्ठा तांबूस दिसते. कणी टाकली तरी ती पुढे येत नाहीत. थंडी बाधली असावी असे वाटते. खाद्य म्हणून तांदळाची कणी, मिळेल तेव्हा वाळवी, आणि दुकानातून आणलेले पिल्लांचे स्टार्टर खाद्य देत आहे. मोठ्या कोंबड्यांचे अंड्यावरचे खाद्यही त्याच जागेत असते, ते पिल्ले अधूनमधून टिपतात. याने काही बिघडते का?

प्रतिसाद १

आपण भांडणाचा प्रश्न आधी मांडला आहे आणि आजाराचा शेवटी. माझ्या मते क्रम उलटा हवा. तीन आठवड्यांचे पिल्लू, पावसाळी ओल, गळलेले पंख आणि तांबूस विष्ठा, एवढी लक्षणे एकत्र असताना ती थंडी समजून थांबू नये. ही बहुधा रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस आहे. कोंबडीच्या विष्ठेत दिवसातून काही वेळा तपकिरी, चिकट विष्ठा येणे स्वाभाविक असते आणि पुष्कळ जण तिलाच रक्त समजून घाबरतात. मात्र पिल्लू खाणे सोडून कोपरा धरून उभे असेल, तर हा संशयाचा फायदा आजाराला देऊ नये. ताजी विष्ठा छोट्या डबीत घेऊन आजच पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे, सूक्ष्मदर्शकाखाली ती तपासता येते.

या रोगाचे कारण आयमेरिया नावाचे एकपेशीय परजीवी आहेत. विष्ठेतून त्यांची बीजे बाहेर पडतात, ऊब आणि ओल मिळाली की दीड-दोन दिवसांत ती रोग देण्याइतकी तयार होतात, आणि पिल्ले खाली पडलेले दाणे टिपताना ती पोटात जातात. मोठ्या कोंबडीत सहसा रोगप्रतिकारशक्ती आलेली असल्यामुळे ती ठणठणीत दिसते, पण तिच्या विष्ठेतून बीजे पडतच राहतात. नेहमीच्या जंतुनाशकांना ही बीजे फारशी दाद देत नाहीत. त्यांना मारतो तो कोरडेपणा. म्हणून ओले झालेले तूस रोज काढून कोरडे तूस पसरावे, पाण्याचे भांडे विटेवर ठेवावे म्हणजे त्यात विष्ठा पडणार नाही आणि भोवती ओलही होणार नाही. लहान पिल्लांच्या पाण्यात स्वच्छ खडे घालावेत. उथळ भांड्यातही ती बुडून मरतात.

औषध म्हणून पाण्यातून ॲम्प्रोलियम देतात. बाजारात त्याची भुकटी वेगवेगळ्या तीव्रतेची मिळते, त्यामुळे प्रमाण डॉक्टरांकडूनच घ्यावे. एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगतो, कारण दुकानदार पुष्कळदा दोन्ही बाटल्या एकदम हातात देतात : हे औषध सुरू असताना बी-कॉम्प्लेक्स देऊ नये. ॲम्प्रोलियम हे बी-१ जीवनसत्त्वाशी साधर्म्य असल्यामुळेच परजीवीला उपाशी मारते. वरून तेच जीवनसत्त्व भरपूर दिले, तर औषधाचा परिणाम कमी होतो. आपल्या स्टार्टर खाद्यात या रोगावरचे औषध आधीच मिसळलेले आहे का, हे पिशवीवर वाचून तेही डॉक्टरांना सांगावे.

प्रतिसाद २

आमच्याकडे अशा वेळी पाण्यात हळद आणि ठेचलेला लसूण घालतात. पिल्ले सुधारतात असा अनुभव आहे.

प्रतिसाद १ यांचे पुढील उत्तर

हळदीला माझा विरोध नाही, जखमेवर ती लावावीच. परंतु पिल्लाच्या आतड्यातून रक्त जात असताना दोन दिवस हळदीच्या पाण्यावर काढणे म्हणजे तेवढे दिवस घालवणे आहे. जी पिल्ले सुधारतात त्यांतली काही आपल्या आपण सुधारलेली असतात, आणि मेलेल्यांची आठवण कोणी ठेवत नाही.

आता दोन आयांविषयी. या बाबतीत आपल्या सासूबाईंचे मत मला पटते. काळीपासून तिची पिल्ले तोडू नयेत. बल्बखाली पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश सेल्सिअस तापमान राखावे लागते आणि पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी ते उतरवावे लागते. वीज गेली की पिल्ले एकमेकांवर चढून खालची गुदमरतात. आईच्या पोटाखालची ऊब विजेवर अवलंबून नसते, आणि पिल्लाला हवी तेव्हा ते आत शिरते, नको तेव्हा बाहेर येते. शिवाय काय टिपावे आणि काय टिपू नये, घार दिसली की कुठे दडावे, हे बल्ब शिकवत नाही.

म्हणून खुराड्यातच जाळीचे उभे कूड घालून दोन भाग करावेत. जाळी अर्ध्या इंचाच्या चौकोनाची असावी, म्हणजे मुंगूस व उंदीर यांचाही बंदोबस्त होतो. दोघी एकमेकींना पाहतील, ओळखतील, पण चोच पोहोचणार नाही. आजारी पिल्ले तांबडीच्या बाजूची असल्यामुळे ही विभागणी तशीही आवश्यकच आहे : आधी काळीकडचे काम करावे, मग तांबडीकडचे, आणि दोन्हीकडची भांडी वेगळी ठेवावीत. जखमी पिल्लू आईजवळच राहू द्यावे. मात्र रक्त दिसत असेल तर भावंडेही तिथेच टोचतात, म्हणून जखम सुकेपर्यंत लक्ष ठेवावे.

अंड्यावरच्या खाद्याने निश्चितच बिघडते. त्यात कवचासाठी साडेतीन-चार टक्क्यांपर्यंत कॅल्शियम असते आणि ते पिल्लांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. उलट आईने पिल्लांचे खाद्य खाल्ले तर हरकत नाही, कारण ती सध्या अंडी देत नाही. कणी पोट भरते, पण वाढीसाठी पिल्लांना वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने लागतात. त्या दृष्टीने वाळवी कणीपेक्षा कितीतरी सरस आहे.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

सविस्तर मार्गदर्शनाबद्दल मनःपूर्वक आभार. दवाखान्यात विष्ठा दाखवली, रक्ती हगवणच निघाली आणि औषध सुरू केले आहे. कूडही घातले. डॉक्टरांनी मानमोडीच्या (राणीखेत रोगाच्या) लसीचा विषय काढला, परंतु लसीची सर्वात लहान कुपी १०० मात्रांची असल्याचे कळले. एवढ्या पिल्लांसाठी ती फोडणे परवडेल का, आणि आजारी पिल्लांनाही आताच द्यावी का?

प्रतिसाद ३

आजारी पिल्लांना आता देऊ नये. लस धडधाकट पिल्लालाच लागू पडते. तांबडीची पिल्ले पूर्ण बरी झाल्यावर डॉक्टरांना विचारून त्यांची पाळी लावावी. काळीची निरोगी पिल्ले मात्र योग्य वयाची आहेत. मानमोडीची लासोटा लस पाच ते सात दिवसांच्या वयात डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब अशी देतात, चार आठवड्यांच्या सुमारास पुन्हा देतात आणि सहा ते आठ आठवड्यांच्या वयात आर-टू-बी ही लस टोचतात. कुपीची किंमत एकटीने सोसण्यापेक्षा वाडीतल्या चार घरांनी मिळून एकच सकाळ ठरवावी. कुपी बर्फासह थर्मासमधून आणावी, कालवल्यावर तासा-दोन तासांत संपवावी आणि उरलेली लस दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

कूड कधी काढावे, हे तांबडीच सांगेल. पिल्ले दीड-दोन महिन्यांची झाली की ती त्यांनाही टोचून दूर करू लागते, तिचा तुरा पुन्हा लाल होतो आणि ती अंड्यावर येते. त्यानंतर तिला काळीच्या पिल्लांचेही सहसा तेवढे वावडे राहत नाही. तोवर काळीची पिल्लेही पिसारलेली असतील. तेव्हा उघाडीचा दिवस पाहून सर्वांना आधी परसात मोकळे सोडावे आणि संध्याकाळी एकत्र आत घ्यावे. मोकळ्या जागेत दुबळ्याला पळायला वाव असतो, खुराड्यात तो नसतो.