प्रति: शाब्दिक उदाहरणं समीकरणात मांडताना
वाक्य वाचत जा आणि त्याच क्रमानं चिन्हं लिहीत जा, हा वरचा सल्ला साध्या बेरीज-वजाबाकीला ठीक आहे. पटीची तुलना आली की तोच घात करतो. इथे इंदूरला शिकवणीच्या मुलांना मी विचारते: गाड्यावर जिलबीच्या एका प्लेटीमागे पोह्यांच्या सहा खपतात, समीकरण मांडा. बरीच मुलं (हुशारसुद्धा!) ६प = ज लिहितात. हवं प = ६ज. प म्हणजे पोहे नव्हेत, पोह्यांच्या प्लेटींची संख्या (तसंच ज ही जिलबीच्या), हे डोक्यात बसलेलं नसतं.

अमेरिकेत १९८० च्या सुमारास शिक्षण-संशोधक जॉन क्लेमंट आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थी-प्राध्यापकांचं असंच उदाहरण (एका प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी) इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला घातलं, तिथेही एक-तृतीयांशाहून जास्त मुलं चुकली. मी आकडे घालून पाहायला लावते: ज १० धरला तर प ६० यायला हवा. उलट्या समीकरणात तो दोनसुद्धा येत नाही!