सर्टिफिकेट रक्त मोजतं, मग पोरं भलत्याच ठिकाणी का रडतात?

गोदाकाठची (इंदिरानगर, नाशिक)

सरळ विचारते. सिनेमा सुरू व्हायच्या आधी पडद्यावर जे सर्टिफिकेट झळकतं, त्यावरचं वय बघून तुमच्यापैकी कुणी पोरांना नेलंय किंवा नेणं टाळलंय का? आणि तो आकडा खरा निघाला का?

माझ्या घरात दोन नमुने आहेत. लेक दुसरीत, आणि बहिणीचा मुलगा दहावीत, तो सुट्टी लागली की आमच्याकडेच पडीक. त्याला यूए १६+ वाल्या मारधाडीला नेलं. पडद्यावर मुंडकी उडतायत आणि हा पठ्ठ्या शेजारी निवांत नाचोज चीजमध्ये बुडवून खातोय. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य: "मावशी, व्हीएफएक्स पार गंडलेत."

लेकीला नेलं ते यू (म्हणजे सगळ्यांना चालणाऱ्या) सर्टिफिकेटच्या, अगदी सोज्वळ कौटुंबिक सिनेमाला. ना शिवी, ना रक्त. आईबाप वेगळे होतायत, मुलगी कुणाकडे राहणार यावर मोठी माणसं दार लावून बोलतायत, आणि ती मुलगी बाहेर पायरीवर चपला घालून, दप्तर मांडीवर घेऊन बसलीये. एवढंच दृश्य. आमचं रत्न इंटरव्हलमध्ये पॉपकॉर्नला हात लावेना. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही नवराबायको जरा मोठ्याने बोललो की हिच्या चपला दाराशी तयार. (आमच्याकडे मोठ्याने बोलणं म्हणजे गॅस सिलेंडर कुणी बुक करायचा यावर. पण तिला काय कळणार!)

मला वाटतं, सेन्सॉर मंडळाला जे मोजता येतं तेच ते मोजतं. शिव्या किती, चुंबन केवढं, रक्त कुठवर उडालं. गोष्ट कुणाला कळेल आणि कुणाच्या जिव्हारी लागेल, हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

---

कलम_चौदा

ताई, आधी नियमाचं सांगतो. पूर्वी यू आणि ए (फक्त प्रौढांसाठी) यांच्यामध्ये एकच यूए होतं, बाराच्या आतल्या मुलांसाठी पालकांनी विचार करावा एवढाच त्याचा अर्थ. सिनेमाच्या कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीने त्याचे तीन तुकडे झाले: यूए ७+, १३+ आणि १६+. सेन्सॉरचे नियम सुधारायला नेमलेल्या श्याम बेनेगल समितीने २०१६ सालीच यूएचे १२+ आणि १५+ असे दोन भाग सुचवले होते, म्हणजे सात वर्षं फाईल मुरली. पण हे तिन्ही आकडे आजही पालकांसाठी सल्लाच आहेत. दारावर सक्ती फक्त ए ला.

तुमच्या रकान्याच्या मुद्द्याला माझं अनुमोदन. ब्रिटनमध्ये 'द किंग्ज स्पीच' ला आधी १५ (म्हणजे पंधराच्या आतल्यांना प्रवेश नाही) मिळालं होतं. कारण? तोतऱ्या राजाची जीभ मोकळी व्हावी म्हणून त्याचा शिक्षक त्याला शिव्या द्यायला लावतो. अपील केल्यावर १२ए झालं, म्हणजे बाराच्या आतल्यांनी मोठ्या माणसाबरोबर यायचं. अमेरिकेत मात्र त्याच शिव्यांपायी आर, म्हणजे सतराच्या आतल्यांना मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नाही. आणि 'ओपनहायमर' बघा. अमेरिकेत आर, आपल्याकडे एका बाईच्या अंगावर कॉम्प्युटरवर काळा झगा चढवला आणि यूए. मग अणुबॉम्ब, अपराधीपणा, ती तीन तासांची चौकशीची भानगड, हे सगळं त्या झग्याने बारा वर्षांच्या पोराला झेपेल असं झालं का?

पैशाचं गणितही लक्षात घ्या. ए मिळालं की कुटुंबाचं तिकीट गेलं. टीव्हीवर तर ए चालतच नाही, कापाकापी करून पुन्हा यूए घ्यावं लागतं. त्यामुळे निर्माताच म्हणतो, सांगा किती सेकंद कापू. सेकंद कापले की वय उतरतं. गोष्ट तीच राहते.

---

जुना_डोअरकीपर

मी नाशकात एकपडदा टॉकीजच्या दारावर उमेदीची वर्षं काढली. आता ती टॉकीज नाही. ए पिक्चरला अठराच्या आतलं पोरगं आत सापडलं तर केस मालकावर, म्हणून आम्हाला सक्त ताकीद. पण ओळखपत्र कोण घेऊन यायचं तेव्हा? मिसरूड बघायचो. मग पोरं मोठ्या भावाचा शर्ट घालून यायची, बाह्या दुमडलेल्या. एकाने तर काजळाने मिशी काढली होती, उन्हात रांगेत उभा राहून ती ओघळली. हसू आवरेना, पण हाकलला.

आणि तुम्हाला सांगतो, ए पिक्चरला पोरं रडताना मी कधी पाहिली नाहीत. रडायची ती पौराणिक आणि कौटुंबिक पिक्चरला. बायका कडेवरची पोरं घेऊन मध्येच बाहेर यायच्या. पोर थोपटायचं, आणि परत आत, कारण तिकिटाचे पैसे भरलेत.

---

पंचवटीकर

अहो, इतकं जपून कसं चालेल? आपण नाशिककर पाचवीतल्या पोरांना तपोवनात नेऊन लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कसं कापलं ते हातवारे करून सांगतो. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे. १९१३ साली त्यांनी हरिश्चंद्राची गोष्ट पडद्यावर आणली, रोहिदासाच्या भूमिकेत स्वतःचा मुलगा उभा केला. तेव्हा सेन्सॉर नव्हतंच, ते १९२० मध्ये आलं. त्या गोष्टीत काय आहे? पोर मरतं आणि बाप मसणात आईकडे कर मागतो. लावा बघू याला आकडा! आपल्या आज्यांनी हे आपल्याला चौथ्या वर्षी भरवता भरवता सांगितलं. आपलं काय वाईट झालं?

---

गोदाकाठची

पंचवटीकर काका, आजीचं उदाहरण चांगलं दिलंत, पण ते माझ्याच बाजूचं आहे. आजी सांगताना आमच्या तोंडाकडे बघायची. ओठ वाकडे झाले की लगेच देव प्रकट, रोहिदास उठून बसला, घे आता हा घास. थिएटरमध्ये अंधार असतो आणि पडदा कुणासाठी थांबत नाही. आणि डोअरकीपर काका म्हणतात तसं, तिकिटाचे पैसे भरलेले असतात.

मी रडूच नये असं म्हणत नाहीये. मला आधी कळायला हवं, एवढंच. ओटीटीवर कोपऱ्यात 'हिंसा, अपशब्द' असं निदान लिहिलेलं असतं. तसं 'आईबापांची ताटातूट', 'घरातल्या माणसाचा मृत्यू' असं दोन शब्दांत लिहायला काय हरकत आहे? ब्रिटनचं मंडळ आपल्या साईटवर सिनेमात काय काय आहे ते चांगलं परिच्छेदभर लिहितं. इंग्रजी सिनेमाला जायचं असलं की मी हल्ली तेच वाचते. मराठी-हिंदीसाठी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारते, तिथे उत्तर येतं, "मस्त आहे, जा."

---

सिडकोची_आई

ताई, त्या चपलावाल्या सिनेमाचं नाव व्यनि (वैयक्तिक निरोप) करा ना. रविवारी आमचं सातचं पिल्लू घेऊन जायचं ठरतंय, आणि नवऱ्याने "यू आहे गं, डोळे झाकून जाऊ" म्हणत कुठलीतरी तिकिटं काढूनही टाकलीत.