नव्या डायबेटीसची भूक: मारायची की भागवायची?

उतारा_९_४

वय ४४, नोकरी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये. विनोद मीच करून टाकतो, तुमचे कष्ट वाचतील: लोकांच्या उसातल्या साखरेचा उतारा काढता काढता माझा निघाला. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ९.४. उपाशीपोटी २१२, जेवणानंतर ३१८. कळून पाच आठवडे झाले.

गोळ्या घेतो, चालतो, गोड बंद. बोलायचंय ते भुकेबद्दल. जेवून उठलो की तासाभरात पोटात खड्डा. रात्री तीनला जाग येते ती भुकेनंच. आणि ज्याला सांगावं तो एकच ऐकवतो, "मन मारायला शिक. जिभेवर ताबा नाही म्हणून तर ही वेळ आली."

माझं मत स्पष्ट आहे. नव्या पेशंटला भूक मारायला सांगणं चूक आहे, कारण ती भूक खोटी नसते. यार्डात उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलीय, पण गव्हाणीत ऊसच पडत नाही. मिल रिकामी फिरते आणि मिलवाला ओरडतो, ऊस आणा! शरीराचं तेच चाललंय. रक्तात साखर तुंबलीय, पेशीत जात नाही. वर १८० च्या पुढं गेली की लघवीवाटे वाहून जायला लागते. १०० ग्रॅम गेली तर ४०० कॅलरी गटारात. एवढी गळती असताना भूक लागणार नाही तर काय होणार?

पहिल्या आठवड्यात मी दोन वेळाच जेवायचं ठरवलं होतं. तिसऱ्या रात्री पाळीवर असताना कॅन्टीनमध्ये चार बटाटेवडे खाल्ले, उभ्या उभ्या. तेव्हापासून ठरवलं, भूक लागली की खायचं. फक्त काय खायचं ते आधी ठरवून ठेवायचं. सकाळी मटकीची उसळ आणि दोन अंडी. दुपारी तीनऐवजी एक भाकरी, भाजी दोन वाट्या, वरण घट्ट. पाचला ताक आणि भाजलेले चणे. पाळीवर मूठभर दाणे. वडे सुटले. बोला आता.

दोनच_पंगती

बोलतो. माझी साखर तुमच्याएवढी नव्हती, एचबीएवनसी ८.१ होती. वर्षात ६ वर आली, वजन ११ किलोनं उतरलं. दोन जेवणं, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आत, मध्ये पाणी, बिनसाखरेचा कोरा चहा, पातळ ताक. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव सांगितलेली पद्धत, मूळ विचार श्रीकांत जिचकारांचा. नवीन काही नाही.

तुमचं गव्हाणीचं उदाहरण झकास आहे, पण पुढचं सांगितलंच नाहीत. यार्ड आधीच तुंबलंय तर आणखी ट्रॉल्या कशाला बोलावता? दर दोन-तीन तासांनी तोंड हलवलं की दर वेळी इन्सुलिन वाढणार. टाइप टूमध्ये बहुतेकांचं दुखणं शरीर इन्सुलिनला जुमानत नाही हेच असतं. त्याला जरा उसंत द्या की.

आणि भूक घड्याळाची असते. मला चार वाजता लागायची, कारण वीस वर्षं चार वाजता चहा-बिस्किट मिळत होतं. दहा-बारा दिवस जीव कासावीस झाला, मग चार वाजलेले कळेनासे झाले. तुम्ही तिसऱ्या दिवशी माघार घेतलीत. पद्धत नापास म्हणू नका, परीक्षेला बसलातच नाही म्हणा.

पोळपाट_लाटणं

भाऊ, या "जीव कासावीस" प्रकरणावर मला बोलायचंय. आमच्याकडे डायबेटीस ह्यांना आहे, पण स्वयंपाक आणि पळापळ माझी.

ह्यांनीही व्हिडिओ बघून दोन जेवणं सुरू केली. गोळी चालूच होती, ग्लिमेपिराइड (हे इन्सुलिन वाढवून साखर खाली ओढतं) आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली. सकाळी गोळी घेतली, नाश्ता नाही. साडेअकराला एसटी स्टँडवर हे म्हणाले, भूक लागलीय, फार लागलीय. मी म्हटलं, दोन तास धीर धरा, तुमचाच नियम आहे. पाच मिनिटांत शर्ट घामानं चिंब, हात थरथरताहेत, बोलणं तुटक. पर्समध्ये मशीन होतं म्हणून वाचलो. ५४! शेजारच्या चहावाल्यानं तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली. पंधरा मिनिटांनी परत बघितली तेव्हा ७० च्या वर आली होती. मग दोन पोळ्या खाल्ल्या बाकावर बसून.

ती भूक घड्याळाची होती का? तेव्हा "धीर धरा" म्हणणारी मीच होते, ते अजून खातं मला.

दोनच_पंगती

ताई, वाईट झालं. पण दोष गोळी आणि उपास यांची सांगड न घातल्याचा आहे, दोन जेवणांचा नाही. जेवण बदलायचं तर डॉक्टरांना सांगून गोळीचं बदलून घ्यायचं. व्हिडिओ अर्धा बघून सुरू करणाऱ्यांचं मी समर्थन करत नाही.

पोळपाट_लाटणं

अर्धाच बघतात हो सगळे. हेच तर म्हणणं आहे.

वाटी_चमचा

आहारतज्ञ म्हणून रोज हेच ऐकते, म्हणून थोडं लांबड लावते.

काही वर्षांपूर्वी "दीक्षित की दिवेकर" असं घराघरांत पेटलं होतं. एकीकडे दोनदा, दुसरीकडे आहारतज्ञ ऋजुता दिवेकरांचं दर दोन तासांनी थोडं थोडं. माझ्याकडे सासू एका पार्टीची आणि सून दुसऱ्या पार्टीची अशी जोडी आली होती. दोघींचीही साखर २५० वर होती! किती वेळा खाल्लं यावरच भांडत बसलं की काय आणि किती खाल्लं हे राहून जातं.

नवीन पेशंटच्या भुका मला तरी एकसारख्या दिसत नाहीत. साखर फार वर असताना लागते ती उतारासाहेब म्हणतात ती. ती खाऊन भागत नाही, साखर खाली आली की काही आठवड्यांत आपोआप निवळते. दुसरी, साखर ७० च्या खाली गेल्याची. त्यात वाद नको, आधी साखर घ्या, मग जेवा. आणि तिसरी फार फसवी. महिनोन् महिने ३०० ची सवय लागलेल्या शरीराला १२० सुद्धा कमी वाटते. तोच घाम, तीच थरथर, तीच भूक, पण आकडा चांगला असतो. लोक घाबरून पेढा तोंडात टाकतात आणि पुन्हा २५०. म्हणून पहिले दोन महिने अवेळी भूक लागली की आधी बोटाला सुई, मग डब्याला हात. मशीन जवळ नसेल आणि गोळी ग्लिमेपिराइडसारखी असेल तर मात्र साखर घ्यावी. एकदा आकडा वर गेला तर चालेल, खाली गेलेला चालत नाही.

आणि भाकरीबद्दल. उताराभाऊ तीनवरून एकवर आले, शाबास. पण "भाकरी कितीही चालते" हा गैरसमज आपल्याकडे फार आहे. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात कार्ब्ज ७० ग्रॅमच्या आसपास असतात, गव्हाच्या पिठाहून फार वेगळं नाही. भाकरी चावावी लागते, दोन खाल्ल्या की हात थांबतो, हा तिचा खरा गुण. पोट भरल्यासारखं वाटतं ते भाजी, उसळ, अंडं, दही, मासे यांनी. ताटातलं ते आधी खा आणि भाकरी शेवटी. जेवणानंतरचा आकडा त्यानं कमी चढतो.

दाणे मात्र मोजून. मूठ म्हणजे ३० ग्रॅम, त्यातच १७० कॅलरी. आपल्याकडे मूठ पेपर संपेपर्यंत चालते.

चकली_संन्यास

सगळे फार शास्त्रशुद्ध बोलताय. मी कबुली देतो. रिपोर्ट आला त्या दिवसापासून मला जास्त भूक लागायला लागली. साखर १४० होती, म्हणजे गळतीबिळती काही नाही. नुसती मनाई झाली म्हणून. आयुष्यात साबुदाणा खिचडीकडे ढुंकून न बघणारा मी, एकादशीला बायकोच्या ताटावर डोळा ठेवून बसलो. (साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, उपासाचा पदार्थ कोणी ठरवला देव जाणे.)

भीतीची भूक असते राव. वडलांचा पाय कापलेला मी बघितलाय. रात्री झोप नाही, आणि झोप नसली की दुसऱ्या दिवशी दिसेल ते खावंसं वाटतं. उतारासाहेब, तुम्ही रात्रपाळी करता. तुमच्या भुकेतली निम्मी झोपेची असेल, तिला चणे घालून काय उपयोग?

उतारा_९_४

हंगाम चालू आहे, पाळी मार्चपर्यंत सुटत नाही. झोप कुठून आणू? चणे निदान कॅन्टीनमध्ये मिळतात.

सुई_सखी

मला कुणाचीच बाजू घ्यायची नाही, एक प्रश्न विचारायचाय. उतारा, कळायच्या आधी तुमचं वजन वाढलं होतं की घटलं होतं?

विचारते कारण मी ३१ व्या वर्षी तुमच्यासारखीच होते. सतत खायचे, सतत पाणी, सतत बाथरूम आणि वजन ९ किलो खाली. वय बघून सगळ्यांनी टाइप टू धरून गोळ्या दिल्या. घरचे म्हणायचे, बघा, डायबेटीस आहे तरी कशी हादडते! चार महिने मी भुकेशी भांडले आणि हरले. शेवटी सी-पेप्टाइड आणि अँटिबॉडीची तपासणी झाली. शरीरात इन्सुलिन तयारच होईना, म्हणजे टाइप वन. इन्सुलिन सुरू झाल्यावर आठवड्याभरात ती राक्षसी भूक गेली. ना दोन जेवणांनी गेली, ना सहा जेवणांनी.

दोनच_पंगती, तुमच्या सल्ल्यानं मी तेव्हा उपास केले असते तर रक्तात कीटोन (चरबी जळून होणारी आम्लं) वाढून आयसीयूत असते. सगळ्यांना एकच ताट वाढू नका.

दोनच_पंगती

हे मान्य. टाइप वनला माझा सल्ला लागू नाही आणि ते मी आधीच लिहायला हवं होतं. बाकीच्यांच्या बाबतीत मत बदललेलं नाही. वर्षभर फसलेला प्रयोग असता तर एवढं बोललो नसतो.

उतारा_९_४

सुई_सखी, वजन घटलं होतं. दोन महिन्यांत ४ किलो, आणि मी खूश होतो, पोट कमी झालं म्हणून! हे डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. काल सांगितलं, रक्त दिलंय, रिपोर्ट शनिवारी.

वाटी_चमचा यांचं ऐकून चार दिवस रात्री तीनला मशीन लावलं. २३१, २१८, २४०, २०६. म्हणजे माझी भूक पहिल्या जातीची. डॉक्टरांनी आकडे बघून गोळी वाढवली. पंगतवाल्यांचं एक घेतलंय: सकाळचा आणि दुपारचा मधला चहा बंद, तो खरंच घड्याळाचा होता, दोन दिवसांत विसरलो. पाचचे चणे सोडणार नाही.

दाणे वजनकाट्यावर मोजले. लॅबचाच काटा, दोन दशांशापर्यंत दाखवतो. माझी मूठ ५२ ग्रॅमची निघाली.

दोनच_पंगती

५२! आणि मी म्हणतो तेव्हा राग येतो.

उतारा_९_४

कारखान्यातला हात आहे, मोठा असणारच. आता ३० च नेतो. शनिवारी रिपोर्ट टाकतो.