तू बिश्वात: हैफात शिकताना आलेला झाडांचा सण

प्रश्न: मी इस्रायलमधील हैफाच्या टेक्निऑन या तंत्रविद्यापीठात संशोधन करतो. पुढील आठवड्यात ‘तू बिश्वात’ हा यहुदी सण असून प्रयोगशाळेतील सहकाऱ्याने घरी बोलावले आहे. विद्यापीठाला मात्र सुट्टी नाही. हा सण नेमका कसला आणि जाताना काय न्यावे?

प्रतिसाद १: यहुदी पंचांगातील शवात महिन्याची पंधरावी तिथी, म्हणजे साधारण जानेवारी-फेब्रुवारी. मिश्ना या प्राचीन यहुदी धर्मनियमांच्या ग्रंथात जी चार नववर्षे सांगितली आहेत, त्यांपैकी हे झाडांचे. फळांचा दशांश, म्हणजे धर्मासाठी काढायचा दहावा भाग, कोणत्या वर्षात धरायचा, हे त्यावरून ठरे. मुळात हिशेबाचाच दिवस असल्याने कामास मनाई नाही, म्हणून सुट्टीही नाही. याच सुमारास बदाम फुलतो. हैफाच्या कार्मेल डोंगराच्या उतारावर जरूर पाहा. काही घरांत पांढऱ्यापासून लालपर्यंत रंग बदलत जाणारे द्राक्षमद्याचे चार पेले घेतात.

प्रतिसाद २: अंजीर, खजूर, जर्दाळू न्यावेत. यजमान कोशर, म्हणजे यहुदी आहारनियम, पाळत असतील, तर घरी केलेला पदार्थ नेण्याऐवजी कोशरचा शिक्का असलेले बंद पाकीटच बरे.

प्रतिसाद ३: आम्ही मूळचे रायगडचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, आता इस्रायलमधील अश्दोदला असतो. आमच्याकडे या दिवशी एलियाहू हनावी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गूळ, वेलची आणि भोवती फळे. एलियाहू अलिबागजवळच्या खंडाळ्याला प्रकटले, अशी आमची श्रद्धा असून तेथील खडकाच्या दर्शनाला आजही माणसे जातात. सहकाऱ्याकडचे आटोपल्यावर अश्दोद, लोद किंवा दिमोना येथील एखाद्या मराठी घरी अवश्य जावे. पोहे कमी पडणार नाहीत.