घुमटाचा ताल आणि सोन्याचे कण
प्रश्न असा की सोन्याचे नॅनोकण (केसाच्या जाडीहून शेकडो पट बारीक कण) पाण्यात लाल दिसतात हे कळलं, पण तेच काचेवर रांगेत मांडले तर नवं काय घडतं? बरंच घडतं.

आमच्या गोव्यात फोंड्याकडे गणेश चवथीच्या आरतीला एकटं घुमट (मातीच्या मडक्याचं चर्मवाद्य) वाजलं तर थाप लगेच विरते. सुट्या कणाचं तसंच. प्रकाशाने त्यातले इलेक्ट्रॉन झुलतात खरे, पण काही फेमटोसेकंदांत (सेकंदाच्या अब्जांशाचाही दशलक्षांश) सगळं थंड. म्हणून त्याचा अनुनाद, म्हणजे ठराविक रंगाला मिळणारा जोरदार प्रतिसाद, पसरट. आता कणांमधलं अंतर तरंगलांबीच्या बेताचं ठेवा. एकाने विखुरलेला प्रकाश शेजाऱ्याकडे नेमका समेवर पोचतो, ऊर्जा लगेच बाहेर न सांडता कणांच्या जाळीतच फिरत राहते, आणि अनुनादाची रुंदी काही नॅनोमीटरवर येते.

हिशेब सोपा आहे. काचेचा अपवर्तनांक (तिच्यात प्रकाश किती पट मंदावतो तो आकडा) १.५, अंतर ४०० नॅनोमीटर, गुणाकार ६००, तर सरळ पडणाऱ्या प्रकाशासाठी अनुनाद ६०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या जरा पुढे. काच कलवली की तो सरकतो. (बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, बसून जुनी सीडी उन्हात कलवून बघा, तिथे धातूचे कण नाहीत, पण रंग सरकायचं कारण तेच.) अंतराचा हा नियम भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेने १९०७ मध्येच मांडला होता, रॉबर्ट वूड या भौतिकशास्त्रज्ञाच्या १९०२ च्या निरीक्षणांवरून.

मेख वेगळीच आहे. कणांखाली काच आणि वर हवा असेल तर दोन्हीकडचा ताल जुळत नाही, अनुनाद फिका पडतो. म्हणून वर काचेच्याच अपवर्तनांकाचं तेल घालतात. सोपे लेख नेमकं हेच गाळतात.