मदत हवी आहे: एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा स्टड हेडमध्येच तुटलाय

गाडी १९८६ ची पोर्शे ९४४, २.५ लिटर, टर्बो नाही. मॅनिफोल्डला (सिलिंडरमधला धूर गोळा करून बाहेर नेणारा भाग) चीर गेलीये, इंजिन थंड असताना टिकटिक येते आणि गरम झालं की कमी होते, म्हणून बदलायला घेतला तर मागच्या सिलिंडरचा एक स्टड (मॅनिफोल्ड धरून ठेवणारा आट्यांचा दांडा) हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाच्या, लेव्हललाच तुटला. बाकीचे पेनिट्रेटिंग ऑइल रात्रभर मुरवून नीट निघाले. तुटलेल्यावर उलट्या आट्यांचं ड्रिल बिट लावून बघितलं, ढिम्म हलत नाही. ईझी-आउट (तुटलेला बोल्ट आतून पकडून काढायचं हत्यार) मुद्दाम लावलं नाही, ते आत तुटलं की संपलंच सगळं. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि इंजिन तिरकं, त्यामुळे ड्रिल सरळ धरायला जागाच नाही. मिग वेल्डर आहे. तर स्टडवर नट वेल्ड करून तो गाडीतच निघेल का, की हेड उतरवण्याशिवाय पर्याय नाही?